महिन्याला तीन साबण

शिक्रापूर,
गुरुवार, १५ मे

ललिता,

विक्रमनं तुझा निरोप सांगितला. "ताई म्हणती, फोनवर दाजी बोलत्यात आन् मी नुसती ऐकती. काय असंल ते लिहून पाठवा म्हणावं. वाचायचं का न्हाई ते माझं मी बघीन." म्हणून लिहितोय. बारावीच्या पेपरानंतर एवढं सलग काही लिहिलेलं नाही. कंपनीच्या स्टोअरमध्ये लिहितो ते नट-बोल्टचे आकडे. पत्र बिरदेव आणून देईल. माझ्याबरोबर स्टोअरला आहे तो. दर गुरुवारी सुट्टीला गावी कासुर्डीला जातोच, गाडी तुमच्या भांडगावपर्यंत नेईन म्हणाला.

ईश्वरीला घेऊन तू माहेरी गेलीस त्याला आज तेरा दिवस झाले. आदल्या दिवशी मी जरा चढ्या आवाजात बोललो. मामा लेकीकडं पाहुणे म्हणून आलेले होते, त्यांच्यासमोर बोलायला नको होतं, हे मान्य. पण मी विचारलं ते काय वाईट विचारलं? दर एक तारखेला घरखर्चाचे नऊ हजार तुझ्या हातात देतो. वहीतल्या नोंदींची बेरीज भरते आठ हजार सातशे साठ, आणि डबा तर रिकामा. दोनशे चाळीस रुपये कुठं गेले, एवढंच विचारलं. मार्चलाही तेवढेच कमी, एप्रिललाही तेवढेच. तू सांगितलं असतंस तर विषय तिथंच संपला असता.

वही मी हौसेनं घातली नाही हे तुला माहीत आहे. लॉकडाऊनमध्ये तीन महिने पगार नव्हता. तुझी कर्णफुलं गहाण टाकून आपण ज्वारी आणली. तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा ही पाळी येऊ द्यायची नाही. कासुर्डीची दीड गुंठा जागा त्या वहीमुळंच झाली. लोक पगार झाला की दहा तारखेला उसने मागत फिरतात, आपण कधी मागितले का? एक तारखेला मी वही वाचून दाखवायचो ते घराच्या भल्यासाठीच.

आता मी एकटाच आहे. या महिन्याचा खर्च चहापासून सगळा लिहून काढतो आणि तुला पाठवतो. घर कितीत चालतं ते तुलाही कळेल.

हळद कुठल्या डब्यात आहे ते विक्रमला सांगून ठेव. दोन डबे उघडले, दोन्हीत धनेपूड निघाली.

बाळासो


शिक्रापूर,
गुरुवार, १९ जून

ललिता,

पाठवतो म्हणालो होतो तो हिशेब पंधरा दिवस शर्टाच्या खिशात घालून फिरलो. मागच्या गुरुवारी बिरदेव विचारत होता, "पत्र हाय का?" मी नाही म्हणालो.

मे महिन्यात एकट्याचा खर्च बारा हजार तीनशे साठ झाला. भाडं, जागेचा हप्ता यात धरलेलाच नाही. तू तिघांचं नऊ हजारांत भागवत होतीस, त्यात गॅस आणि दूधही होतं. पहिल्यांदा वाटलं बेरीज चुकली. पुन्हा केली. मग वाटलं, बाहेर जेवल्यामुळं वाढला. ते चार हजार तीनशे आहेत, पण ते वजा करून पाहिलं तरी माझ्या एकट्याच्या तोंडाला आठ हजार लागलेत.

आता लिहायचं ठरवलंच आहे तर लिहितो. गेटबाहेरच्या टपरीवर चहा, वडापाव आणि लोकांना पाजलेला चहा मिळून दोन हजार शंभर. तंबाखू आणि सिगारेट चौदाशे पन्नास. सिगारेट तुला माहीत नव्हती. मोबाइलवर क्रिकेटची टीम लावायचो, एकोणपन्नास रुपयांची. महिन्यात बत्तीस वेळा लावली, एकदाच जिंकलो, सत्तर रुपये. हेही तुला माहीत नव्हतं. पाचशे रुपये कशाला गेले ते मलाच आठवत नाही. तुझे पाच रुपये विसरले गेले तर मी तुला उभं करून विचारत होतो.

मग कपाटातल्या मागच्या पाच वर्षांच्या वह्या काढल्या. तुझ्या पानावर कोथिंबीर दहा, लिंबं पाच, ईश्वरीची रिबीन बारा. माझ्या पगारातलं जे माझ्यापाशी राहायचं त्याच्यापुढं एकच शब्द, किरकोळ. किरकोळ अठराशे, किरकोळ बावीसशे. दिवाळीच्या महिन्यात किरकोळ साडेतीन हजार. पाच वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस, किरकोळ म्हणजे काय. विचारलं असतंस तर मी काय बोललो असतो ते मला माहीत आहे, म्हणून तू विचारलं नसशील.

पण पत्र अडलं ते यामुळं नाही. पुढचं लिहायला हात होत नव्हता.

वह्या चाळताना एक गोष्ट दिसली. दर महिन्याला साबण दोनदा. एकदा किराण्याच्या यादीत, आणि मग मधेच एकदा नुसता साबण, पस्तीस रुपये. त्याच्यापुढं मी लाल पेननं लिहिलेलं, जपून वापरा. माझा एक साबण महिना झाला तरी संपला नव्हता. म्हणून गिताबाईंच्या दुकानात गेलो तेव्हा सहज बोलून गेलो, "आमच्या घरात दोन दोन साबण कसे संपायचे काय माहीत."

गिताबाई गल्ल्यापाशी बसल्या होत्या. दुकानात आणखी कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, त्यो साबण न्हवता."

"मग?"

"बायकांचा पुडा असतो त्यो. पेपरात बांधून देती मी. तुमची मंडळी म्हणली, ताई, चिठ्ठीवर साबण लिवा. आमच्यात वही मोठ्यानं वाचत्यात. दार उघडं असतं, शेजारी चार पोरं ऱ्हात्यात."

त्या पुढं म्हणाल्या, "मी म्हणलं, लिवूच नगं की. तर म्हणली, न्हाई लिवलं तर पस्तीस रुपयं कमी येत्यात."

माझ्या हातात मिठाचा पुडा होता. तो तसाच काउंटरवर ठेवून घरी आलो. पैसे दिलेले होते, ते दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

घरी येऊन पुन्हा वही उघडली. दिवाळीपासून साबण तीन झालेत. नोव्हेंबरच्या पानावर मी तीनला गोल करून पुढं प्रश्नचिन्ह काढलंय. आणि एक डिसेंबरला तेही वाचून दाखवलंय. मला आठवतं, "तीन साबण? अंगाला लावता का खाता?" असं म्हणालो होतो. बाहेर गॅलरीत शेजारची परप्रांतातली पोरं हसली होती. त्यांना मराठी पुरतं येत नाही, पण साबण कळतो. ईश्वरी तिथंच बसून चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं रंगवण्यात गुंग आहे.

ती मोठी झाली हे मला सात महिन्यांनी दुकानदारणीकडनं कळलं. मी तिला काही विचारणार नाही. तूही तिला सांगू नकोस मला कळल्याचं. तुला मात्र कळायला पाहिजे म्हणून लिहिलं.

ईश्वरीच्या दाखल्याबद्दल विक्रमचा फोन आला होता. शाळेचं ऑफिस अजून नीट चालू झालेलं नाही. झालं की बघतो.

बाळासो


दौंड,
२ जुलै

तुमची दोन्ही पत्रं वाचली. दुसरं दोनदा वाचलं.

मी आता दौंडला धुरपदा मावशीकडं राहते. भांडगावला आईआबांवर किती दिवस बसून खायचं. इथं शाळेचे गणवेश शिवायच्या दुकानात कामाला लागले आहे. शिवणकाम मला येतं हे तुम्हाला माहीत होतं का नाही, मला आता आठवत नाही. ईश्वरीचं नाव इथल्या शाळेत घातलं आहे. बाईंनी दाखल्याशिवाय महिनाभर बसू दिलं आहे, त्यातले पंधरा दिवस गेले.

तुम्ही दोनशे चाळीस रुपयांचं विचारलं होतं. आबांसमोर सांगायचं नव्हतं, आता सांगते. ते मी खाल्ले. दर शुक्रवारी ईश्वरीला क्लासला सोडलं की तिथल्या चाकण चौकात गाड्यावर उभी राहून पाणीपुरी खायची, आणि वर एक शेवपुरी. साठ रुपये. चार शुक्रवारचे दोनशे चाळीस. घरात आणून तिघांनी खाल्ली असती तर लिहिता आली असती. पण मला लिहायची नव्हती. आठवड्यातला तेवढाच अर्धा तास मी कुणाला काही सांगायला बांधील नव्हते. वहीत दुसरं काही लिहून ते पैसे बसवता आले असते, साबणासारखे. तेही करायचं नव्हतं. म्हणून मोकळं सोडलं.

त्या दिवशी तुम्ही चढ्या आवाजात बोललात असं लिहिलंय. आवाजाचं मला काही नाही. तुम्ही काय शब्द बोललात तो पहिल्या पत्रात नाही, दुसऱ्यातही नाही.

हळद खालच्या फळीवर, स्टीलच्या चपट्या डब्यात.

ललिता


शिक्रापूर,
गुरुवार, १० जुलै

ललिता,

शब्द लिहितो. मामांपुढं वही टाकली आणि म्हणालो, "मामा, तुमची लेक चोर हाय. आपल्याच घरात चोरी करती. तुमच्याकडं असताना बी करायची का?"

एवढंच बोललो असं नाही, आणखी बोललो, पण वाईट हेच होतं. मामा साठी ओलांडलेला माणूस, नातीसाठी हापूसची पेटी घेऊन एसटीनं आलेला. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. पूर्ण प्यायले नव्हते. म्हणाले, "बाळासो, किती रुपयं हायती?" आणि खिशात हात घातला. मी त्यांना थांबवलंसुद्धा नाही. पाचशेची नोट त्यांनी वहीवर ठेवली आणि टोपी घालून निघाले. तू त्यांच्यामागं जिन्यापर्यंत गेलीस. परत आलीस, भांडी घासलीस, दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरलीस. मला वाटलं आठ दिवसांत येशील.

ती नोट मी खर्च केली नाही. पण परतही केली नाही. वहीतच ठेवली होती. मागच्या गुरुवारी भांडगावला जाऊन आलो. तुला कळलं असेल. मामी दारातच उभ्या राहिल्या, या म्हणाल्या नाहीत. मामा गोठ्यात होते. मी नोट पुढं केली, पाया पडलो. मामा म्हणाले, "ठेव कोनाड्यात." मग बराच वेळ वैरण टाकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला काय म्हणलास त्याचं काय न्हाई. मी म्हातारा माणूस, ईसरून जाईन. तिला तिच्या पोरीदेखत म्हणलास." ते म्हणाले, "आता जा. चारची गाडी मिळंल."

चहा दिला नाही त्यांनी. आणि ते बरोबरच केलं.

दाखल्याचंही खोटं लिहिलं होतं. ऑफिस उघडं होतं. जूनच्या पहिल्याच आठवड्यात मी अर्ज केला आणि तीन दिवसांत दाखला हातात पडला. कपाटात कपड्यांखाली ठेवला होता. वाटलं, दाखला नसला की तिथली शाळा घेणार नाही, मग तुला यावंच लागेल. तुझ्या नऊ हजारांसारखंच हेही, माझ्या हातात असेल तर तू कुठं जाणार, असं. साबणाचं लिहून झाल्यावर, त्याच कागदावर, शेवटी हे खोटं लिहिलं. ते लिहिताना मला काही वाटलंही नाही, याची जास्त लाज वाटते.

दाखला या पत्राबरोबर बिरदेवकडं दिलाय. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलाय, पावसानं भिजायला नको. त्याच्या बदल्यात मला काही नको.

हळद सापडली.

बाळासो


शिक्रापूर,
शुक्रवार, १८ जुलै

ललिता,

काल तू दौंडला यायला परवानगी दिलीस, ईश्वरीला भेटू दिलंस. समोर बसून जे बोलता आलं नाही ते लगेच लिहून काढतोय. बिरदेवची वाट बघत नाही, हे पोस्टानं पाठवतो.

तुला मशिनवर बसलेलं पहिल्यांदाच बघितलं. माझ्याकडं बघितलंस, पण पाय थांबला नाही, शिवण पूर्ण केलीस आणि मग म्हणालीस, "दोनला जेवणाची सुट्टी हाय. तवर ईश्वरीला घेऊन जा. तिला कंपास घ्यायचीय." मालकासमोर मी पाहुण्यासारखा हो हो करत, सकाळची शाळा सुटून आलेल्या ईश्वरीला घेऊन बाहेर आलो.

सुट्टीत तू विचारलंस, "मला पगार किती हाय, इचारलं न्हाई तुम्ही?" मी नाही म्हणालो. "मनात आलं व्हतं?" मी म्हणालो, आलं होतं. दारात पाऊल टाकताना पहिलं तेच आलं होतं. तेव्हा तू हसलीस. रागानं हसलीस का कसं, ते मला कळलं नाही. मग म्हणालीस, "दिवाळीपतूर मी हितंच ऱ्हाणार. पुढचं पुढं. येताना फोन करून यायचं." बोलायचं ते एसटीत बसल्यावर सुचलं, पण ते माफी मागण्यापलीकडं काही नव्हतं.

आता दोनच्या आधीचं सांगतो. ते तुला माहीत नाही.

स्टेशन रोडला वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या समोर बाक आहे, तिथं मी बसलो आणि ईश्वरीला शंभराची नोट दिली. म्हटलं, तुझ्या आवडीची कंपास आण. ती रस्ता ओलांडून गेली, पाच मिनिटांत आली. माझ्यासमोर उभी राहिली. शाळेत प्रार्थनेला राहतात तशी. आणि म्हणाली, "कंपास साठ. दोन वह्या तीस. नव्वद झाले. हे दहा उरले, ही चिठ्ठी." मग थोडं थांबून म्हणाली, "मी मधे कुठंच थांबले नाही, पप्पा."

मी तिला बस म्हणालो. ती बसली. दहाची नोट हातात धरूनच बसली.

ललिता, त्या दिवशी मामांसमोर मी आणखी बोललो असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते काय, ते लिहिलं नव्हतं. तू ऐकलंस, पण त्याच्या मागचं तुला माहीत नाही. मार्चच्या शेवटी बेरजेत फरक आला तेव्हा मी ईश्वरीला बाजूला घेतलं होतं. म्हटलं, मम्मी बाहेर जाते तेव्हा कुठं कुठं थांबते, एवढं मला सांगायचं. कुणाला बोलायचं नाही. ती सांगायची तेव्हा मी तिला दहा रुपये द्यायचो. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "क्लासला सोडलं की मम्मी चौकात थांबते. कशाला ते मला नाही दिसलं." ते दहा रुपये तिनं घेतले नाहीत, मी तिच्या दप्तरात घातले. आणि त्या दिवशी तू गप्प राहिलीस तेव्हा मी मामांना म्हणालो, "खोटं वाटतंय का? ईश्वरीला इचारा. तिनं बघितलंय." ती दाराशी उभी होती. माझ्या रागात मी तिला साक्षीला ओढलं, आणि तुझ्याकडं बघून ती आत पळाली. मी पुन्हा वहीत बघायला लागलो.

काल त्या बाकावर मी तिला म्हणालो, "ईश्वरी, मी तुला मम्मीवर लक्ष ठेवायला लावलं ते चुकीचं होतं. तुझी त्यात काही चूक नाही. मम्मीनं काही वाईट केलं नव्हतं. पप्पांनी केलं."

समोरून रिक्षा जात होत्या त्या ती बघत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणजे मी सांगितलं म्हणून मम्मी नाही निघाली?"

मी म्हणालो, "नाही बाळा. माझ्यामुळं निघाली."

"नक्की?"

"नक्की."

ती रडली नाही. दप्तर पाठीवरनं काढून बाकावर ठेवलं, इतका वेळ तिनं ते पाठीवरच ठेवलं होतं. मग पाय हलवत बसली.

अडीच महिने ही पोर तुझ्याशेजारी झोपते, तुझ्या हातचं जेवते, आणि आपल्यामुळं आईचं घर मोडलं असं मनात धरून आहे. तुझ्याशी ती हे बोलली असेल तर बरंच आहे. नसेल बोलली, असं मला वाटतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला का, मला सांगता येत नाही. माझ्या तोंडून तिनं आजवर आकडेच ऐकलेत.

हे पत्र वाचलंस की त्याच दिवशी तिच्याशी बोल. माझं नाव राखू नकोस. जे घडलं ते सगळं तिला सांग, मी काय बोललो तेही सांग. तुझ्याकडनं ऐकलं म्हणजे तिला खरं वाटेल.

बाळासो